मुखवट्यांचे रविवार

वहिनी परत आली ती फुग्यांचं पाकीट घेऊन. तीन वर्षांनी आलेली बाई दारात उभी राहते, आत येऊ का म्हणून विचारते, आणि पिशवीतून पहिली वस्तू काढते ती काय, तर फुगे. आत्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

आत्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये कमरेपर्यंत लाकडाची, वर काचेची भिंत. हे दुकान आधी तिचा मोठा भाऊ चालवायचा. तो अपघातात गेला तेव्हा त्याची मुलगी जेमतेम शाळेत जायला लागली होती आणि मुलगा भिंतीला धरून चालत होता. मुलीचे हातपाय बघून तिला सगळे काडी म्हणायचे. धाकटा घरात कुठेही असला तरी दुधाच्या पातेल्याचा आवाज झाला की हजर व्हायचा, म्हणून तो बोका. भाऊ गेल्यावर वर्षभराने वहिनी एका फिरत्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायच्या कामाला लागली. "दोन महिन्यांचा दौरा आहे, मग येते," असं मुलांना सांगून गेली ती गेलीच. मधूनमधून फोन यायचा. कधी पार्सल यायचं, त्यातले कपडे मुलांना आखूड व्हायचे.

गोवर, दातदुखी, पाढे, शाळेतली भांडणं, सगळं आत्याने निस्तरलं. तिला बघायला येणारे पाहुणे आधी या दोन मुलांकडे बघायचे आणि मग घड्याळाकडे. शेवटी तिनेच पाहुणे बंद केले.

पुरीम जवळ आला होता. यहुदी मुलांचा हा सगळ्यात दंग्याचा सण. सिनेगॉगमध्ये एस्तेर राणीची गोष्ट एका लांब गुंडाळीवरून मोठ्याने वाचतात. मुलं वेषांतर करून, मुखवटे लावून ऐकायला बसतात, आणि दुष्ट प्रधान हामान याचं नाव आलं रे आलं की पाय आपटून, खुळखुळे फिरवून असा गोंगाट करतात, की ते नाव कुणाच्या कानावर पडू नये.

"मुलांकडून मुखवटे करून घ्यावेत म्हटलं," वहिनी दारातच म्हणाली. "खुळखुळेपण करू. कंपनीचा मुक्काम सध्या इथेच आहे. सणापर्यंत दर रविवारी दुपारी येत जाईन."

"तयार मिळतात दुकानात," आत्या म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता."

त्या 'तुम्ही'वर वहिनी जराशी थबकली. पूर्वी दोघींचं अगं-तुगं होतं. भाऊ म्हणायचा, तुम्हा दोघींच्या गप्पांत मला चहासुद्धा मागता येत नाही.

आतून आजोबांनी विचारलं, "कोण आलंय?"

"वहिनी," आत्या म्हणाली.

"कोण?"

"तुमची सून, बाबा."

आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाले, "मग तिला उन्हात काय उभी केली आहेस? आत घे."

घर आजोबांचं होतं. आत्याला बाजूला सरकावं लागलं.

बोक्याने आईला ओळखलं नाही. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "काकू, हे सगळे फुगे माझे का?" वहिनी हसली, पण फुगवत असलेला फुगा तिच्या ओठांतून सुटला आणि फुर्र करत कपाटावर जाऊन पडला. काडी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तिने शांतपणे सांगितलं, "काकू नाही, आई आहे. आपली."

"आपली?" बोका म्हणाला. "मग आत्या कोणाची?"

वहिनीने दुसरा फुगा ओठांशी नेला.

पहिल्या रविवारी फुगे फुगवून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायचं काम झालं. खळ दुकानातलीच होती. आत्याने पातेलं भरून दिलं आणि मग स्वतः काचेच्या अलीकडे शिवणयंत्राशी जाऊन बसली. रविवारी दुकान बंद असायचं. तरी तिने एक जुनी जाडजूड पोथी उसवली आणि पुन्हा शिवायला घेतली. हात पोथीवर, डोळे काचेपलीकडे.

वहिनीच्या हातात कला होती, हे तिला कबूल करावं लागलं. पट्टी खळीत बुडवायची, दोन बोटांत धरून निपटायची, आडवी लावायची, पुढची उभी. बोक्याने निम्मी खळ केसांना लावली. काडी आधी नुसती बघत होती, मग खुर्ची थोडी पुढे सरकली, मग आणखी थोडी, आणि शेवटी तिचे हात कोपरापर्यंत बरबटले.

"तू राणी होणार ना?" वहिनीने विचारलं.

"नाही. मी राजा. राणीला सुरुवातीला काहीच ठरवता येत नाही."

"आणि मी घोडा," बोका म्हणाला. गोष्टीत राजा एका भल्या माणसाला आपल्या घोड्यावर बसवून गावभर मिरवतो. बोक्याला त्या माणसात रस नव्हता, घोड्यात होता.

दुसऱ्या रविवारी फुगे फोडले, कागदाची कवचं कापली. वहिनी चेहऱ्यांची मापं घेत होती. आत्या पाण्याचा तांब्या न्यायचं निमित्त करून आत गेली.

"नुसता डोळ्यांपुरता केला तर नाही का चालणार?" तिने विचारलं. "सगळी मुलं तसलेच लावतात. घाम येत नाही, श्वास नीट घेता येतो."

"पूर्ण तोंड झाकलं की ओळखू येत नाही, ताई. सगळी गंमत त्यातच आहे."

कुणाला ओळखू यायला नको आहे, असं आत्याच्या जिभेवर आलं होतं. तिने ते पाण्याबरोबर गिळलं.

कवच सुकेपर्यंत वहिनी मुलांना गोष्ट सांगत होती. नाटकात राहून तिला सांगायची हातोटी आली होती. राजाचा आवाज वेगळा, हामानाचा वेगळा. आत्या काचेच्या फटीतून ऐकत होती.

"राजवाड्यात गेली तरी एस्तेरने आपण कोण हे कुणालाच सांगितलं नाही," वहिनी म्हणाली.

"का?" बोक्याने विचारलं.

"सांगायची वेळ यायची होती. आधी सांगितलं असतं तर सगळं बिघडलं असतं."

"मग ती खोटं बोलली?"

"खोटं नाही. नुसती गप्प राहिली."

आत्याच्या हातातली सुई बोटात गेली. कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य आता दोन अर्थांचं वाटायला लागलं होतं, आणि त्यांतला वाईट तोच खरा वाटत होता.

त्यानंतर एकेक गोष्ट जुळायला लागली. वहिनीने दोऱ्याने मुलांच्या पावलांची मापं घेतली. विचारल्यावर म्हणाली, राजाला मोजडी नको का? पण घोड्याच्या पायांचं माप कशाला हवं, ते आत्याला कळेना. कपाटातला काडीचा जाड स्वेटर जागेवर नव्हता. काडीला विचारलं तर म्हणाली, "असेल कुठेतरी." ही मुलगी एरवी हरवलेल्या खोडरबरासाठी घर डोक्यावर घ्यायची. आणि एका संध्याकाळी जेवताना बोक्याने विचारलं, "आत्या, समुद्र लांब आहे का? बसमध्ये झोपता येतं का?" टेबलाखालून काडीने त्याला लाथ मारली. आत्याने ते पाहिलं नाही, पण बोक्याचं तोंड पाहिलं.

"समुद्राचं काय काढलंस मध्येच?" तिने विचारलं.

"घोड्याला बघायचाय," बोका म्हणाला आणि भातात मान घातली.

मुलं झोपल्यावर ती आजोबांपाशी जाऊन बसली. "बाबा, इथे काहीतरी पाणी मुरतंय."

"नळ पुन्हा गळतोय?"

"नळाचं नाही हो. वहिनीचं. ती मुलांना घेऊन जाणार आहे. गुपचूप."

आजोबा म्हणाले, "तिला सरळ विचार की."

"विचारलं की सांगेल? नाटकात असते ती. तोंडावर एक, पोटात एक."

"कपडे शिवते ती तिथे. नाटक दुसरे करतात," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि समज तू विचारलंस, आणि ती म्हणाली, हो, न्यायचंय. तर तू काय म्हणशील?"

आत्या उठली आणि दिवा बंद करून टाकला.

तिने सरळ विचारलं नाही, पण खडा टाकून पाहिला. शेवटच्या रविवारी खुळखुळे करायचं काम चाललं होतं. पत्र्याच्या डब्यांत सुके वाटाणे भरायचे, झाकण घट्ट बसवायचं, दांडा ठोकायचा आणि वरून रंगीत कागद. बोक्याने आपला खुळखुळा आजोबांच्या कानाशी वाजवून दाखवला. आजोबांनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि पुढची सगळी दुपार आनंदाने मान डोलावत बसले.

"सणानंतर तुमच्या कंपनीचा मुक्काम कुठे?" आत्याने रंगीत कागद कापता कापता विचारलं.

"अजून ठरलं नाही," वहिनी म्हणाली. मान वर केली नाही.

आत्याने सकाळीच कोपऱ्यावरच्या भिंतीवर नाटकाची जाहिरात वाचली होती. शेवटचा प्रयोग सणाच्या आदल्या संध्याकाळी होता. म्हणजे सणाच्या दिवशी कंपनी हलणार. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये गावातली सगळी मुलं मुखवटे घालून बसणार, कोण कुठलं कुणाला कळणार नाही, आणि त्या गोंगाटात दोन मुलं कधी नाहीशी झाली हेही कुणाच्या लक्षात येणार नाही. एवढं सगळं तिला एका दमात दिसलं.

वहिनी गेल्यावर तिने दोन्ही मुखवटे काचेमागे नेले. दुकानात अबरी कागद होता, पुस्तकांच्या आतल्या पानांना लावायचा, निळ्या-तांबड्या लाटांचा. त्याचे नखाएवढे दोन तुकडे कापून एक घोड्याच्या हनुवटीच्या आत चिकटवला, एक राजाच्या दाढीखाली. सगळ्या गावात असा कागद दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आता कितीही घोडे आले तरी आपला घोडा तिला सापडणार होता. त्या रात्री ती जरा बरी झोपली.

सणाच्या सकाळी सिनेगॉगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वाघ होते, पऱ्या होत्या, दोन पोस्टमन होते, आणि राण्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. आजोबांना पुढच्या बाकावर बसवून आत्या मागे भिंतीशी बसली, कारण तिथून दार दिसत होतं. राजा आणि घोडा तिच्या दोन्ही बाजूंना. वहिनी दाराशी लहान मुलांना तिकोनी बिस्किटं वाटत उभी होती.

वाचन सुरू झालं. पहिल्यांदा हामानाचं नाव आलं तेव्हा बोक्याने खुळखुळा असा फिरवला की पुढच्या बाईने डोकं धरलं. मग नाव पुन्हा आलं, पुन्हा दणदणाट. मधल्या वेळेत मुलं जागा बदलत होती, बाकांखालून सरपटत होती. आत्या डोळ्यांत तेल घालून बसली होती. घोडा एकदा पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा तिने त्याला जवळ ओढलं, हनुवटी हळूच उचलून आत बघितलं. निळ्या-तांबड्या लाटा होत्या. तिने सुटकेचा निःश्वास सोडला. थोड्या वेळाने राजाही पाणी पिऊन आला, त्याच्याही दाढीखाली लाटा होत्या.

मग हामानाचं नाव आलं आणि घोड्याने खुळखुळा नुसता दोनदा हलवला, अगदी सभ्यपणे.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. तो पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून बसला होता. बोका जन्मात असा बसला नव्हता. तिने मुखवटा वर सारला. आत चष्मेवाल्याचा मुलगा होता, नाकावर चष्मा, चेहरा घामाने डबडबलेला.

"बोका कुठे आहे?"

"त्याने घालायला दिला. थोडा वेळ म्हणाला," तो घाबरून म्हणाला. "माझा वाघाचा त्याने नेला. काकू, मी काही केलं नाही."

राजाच्या मुखवट्यातून त्याच्याच बहिणीचा चेहरा निघाला. आत्याने दाराकडे बघितलं. बिस्किटांचं ताट खुर्चीवर ठेवलेलं होतं, जवळ कुणी नव्हतं.

तिने मुखवट्यांना खूण केली होती. मुलांना केली नव्हती.

ती बाहेर कशी आली ते तिला नंतर आठवलं नाही. रस्त्यात एका सायकलवाल्याने तिला शिव्या घातल्या. पायातली एक चप्पल तुटली, तिने दोन्ही हातात घेतल्या आणि तशीच धावत सुटली. सारखं एकच मनात येत होतं, स्वेटर नेलाय, म्हणजे लांब नेतेय. बसस्थानक बाजारापलीकडे होतं. तिथे पोचेपर्यंत छाती फुटायला आली होती.

फलाट रिकामा होता. एक माणूस पाण्याचा पाइप घेऊन फरशी धूत होता. आत्या तिकिटाच्या खिडकीशी गेली. आतल्या माणसाने तिच्या हातातल्या चपलांकडे बघितलं आणि थांबला.

"एक बाई," ती म्हणाली, "दोन मुलं. एक वाघ."

"होती की," तो म्हणाला. "त्या बाकावर बसलेली. समुद्राकडची गाडी लागली, मी हाकसुद्धा मारली. पोरगा काही चढेना. गाडी गेली."

"आणि ते?"

"गेले आल्या वाटेने. तुमची चुकामूक झाली असेल."

आत्या बाकावर बसली. तिला वाटत होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. फरशी धुणाऱ्याने तिच्या पायांभोवतालची जागा सोडून बाकी सगळं धुतलं. मग ती उठली आणि घराकडे चालायला लागली. सिनेगॉगकडे नाही, घराकडे. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुकानाच्या पायरीवर तिघं होती. वाघ उड्या मारत होता.

"आत्या, कुलूप काढ," बोका मुखवट्यातून म्हणाला. "मला केव्हाची लागलीय. आई म्हणते भिंतीशी कर, पण तू रागावतेस."

आत्याने आधी कुलूप काढलं. बोका आत पळाला. काडी उठली, कुणाकडे न बघता दुकानात शिरली आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. नव्या बुटांच्या नाड्या तिने सोडल्या, बूट काढले आणि शेजारी नीट जोडून ठेवले.

वहिनी उंबऱ्यातच राहिली. तिच्या खांद्यावर मोठी पिशवी होती, त्यातून स्वेटरची बाही दिसत होती.

"नेणारच होतात," आत्या म्हणाली.

"हो."

आत्या खोटं ऐकायला तयार होऊन आली होती. या एका अक्षराने तिच्या तोंडातलं सगळं काढून घेतलं.

"तिथे मला एका शिवणशाळेत काम मिळालंय," वहिनी म्हणाली. "राहायला खोली आहे. दौरे नाहीत. मुलांना म्हटलं, समुद्र बघायला जाऊ. आणि म्हटलं, आत्याला माहीत आहे, ती बसवर सोडायला येणार आहे, पण आजोबांना कळलं तर जाऊ देणार नाहीत, म्हणून घरात बोलायचं नाही, आणि निघताना आपले मुखवटे दुसऱ्या मुलांना देऊन आपल्या जागी बसवायचं."

"मग?"

"मग बोका चढेना. आत्या येऊ दे म्हणाला. बस सुटायला आली तरी तेच. आत्या येणार आहे, तू म्हणालीस." वहिनीने पिशवी खाली ठेवली. "मी काडीला म्हटलं, तू तरी चढ, तो येईल मागून. तर ती म्हणाली..."

ती थांबली. पुठ्ठ्यांवरून काडीनेच वाक्य पुरं केलं, आवाज न चढवता. "मी म्हटलं, तू मलापण असंच सांगून गेली होतीस. दोन महिन्यांत येते म्हणून."

आत बोक्याने पाणी ओतल्याचा आवाज आला.

"मला विचारायचं होतंत," आत्या शेवटी म्हणाली.

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"फोन करायचे तेव्हा तू काय सांगायचीस मला, आठवतं? झोपलीत. संध्याकाळी दिवे लागायच्या आत दोन्ही मुलं झोपायची तुझ्याकडे. मी किती वेळा ऐकायचं ते? शेवटी मला वाटलं, ताईला विचारून ही मुलं मला या जन्मात भेटायची नाहीत."

आत्याने काचेकडे बघितलं. काचेवर खळीचे बोटांचे ठसे होते, खालच्या बाजूला बोक्याचे, जरा वर काडीचे. मग ती म्हणाली, "बाबा तिथे एकटेच बसलेत. त्यांना घेऊन येते. तुम्ही मुलांना खायला घाला. आणि..." तिने बाहेर जाऊन कुलूप हातात घेतलं. "मी दार बाहेरून लावून जाणार आहे."

"लाव," वहिनी म्हणाली.

आत्याने खरोखरच कुलूप लावलं. आजोबांना घेऊन येताना वाटेत तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या कानात यंत्र नव्हतं, ते खिशातच होतं, हे तिला घराजवळ आल्यावर कळलं. मग तिने पुन्हा नाही सांगितलं.

पुढचे काही आठवडे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. वहिनीने समुद्राकडचं काम घेतलं. ती सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या बसने येई आणि संध्याकाळच्या बसने परत जाई. आत्या तिला आत घ्यायची, पण आता काचेमागे बसायची नाही, त्याच टेबलाशी बसायची, बोलायची नाही. काडीही बोलायची नाही. बिचारा बोका तिघींसाठी एकटाच बोलायचा. त्याला झाल्या प्रकारातलं एवढंच लक्षात राहिलं होतं, की समुद्र राहिला.

शेवटी तो विषय काडीनेच काढला. शाळा संपल्या होत्या. ती आईला म्हणाली, "तुझी खोली कशी आहे?" वहिनी सांगायला लागली, तर काडी म्हणाली, "मला नको सांगूस. आत्याला दाखव. तिने बघितली तर मी येईन."

मग आत्या गेली. एकटी, बसने, जन्मात पहिल्यांदा समुद्राकडे. वहिनी तिला स्थानकावर घ्यायला आली. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, स्वच्छ, भिंतीशी दोन अरुंद पलंग, त्यांतल्या एकाची गादी अजून प्लॅस्टिकमध्ये. आत्याने पांघरूण उचलून बघितलं, गॅस लावून बघितला, खिडकी उघडून बघितली. खिडकीची कडी सैल होती.

"ही धाडकन उघडते," ती म्हणाली. "बोका चढतो खिडक्यांवर."

"उद्या बसवून घेते."

"स्क्रू-ड्रायव्हर आहे का?"

वहिनीने शिवणयंत्राच्या खणातून काढून दिला. आत्याने कडी बसवली, दोनदा ओढून बघितली, आणि मग खिडकीतच उभी राहिली. समोर छपरांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसत होती.

"मुलांना मीच घेऊन येईन," ती म्हणाली. "आणि मीच न्यायला येईन. मधल्या दिवसांत मी फोन करीन तेव्हा त्यांना फोनवर दे."

"झोपली असतील तर?" वहिनीने विचारलं.

आत्याने तिच्याकडे वळून बघितलं. वहिनीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते फार लांबही नव्हतं.

"उठव," आत्या म्हणाली. "आणि चहा टाक. बसचा वास अजून नाकातून गेला नाही माझ्या."

वहिनीने पातेलं ठेवलं. आत्या पलंगावर बसली, आणि दुसऱ्या पलंगाच्या गादीवरचं प्लॅस्टिक तिने कोपऱ्यापासून सोलायला घेतलं.